सायकलीचे दिवे कसे निवडावे

रायपूर-बिलासपूर मार्गावरील भनपुरी ही कारखान्यांची वसाहत होय. अशा रस्त्याने रात्री मालमोटारींच्या वर्दळीतून घरी परतणाऱ्या सायकलस्वाराची सुरक्षितता बऱ्याच अंशी मागील तांबड्या दिव्यावर अवलंबून असते. पुढचा पांढरा दिवा विझल्यास स्वारास तत्काळ कळते. मागचा विझल्याचे कळत नाही. म्हणून तो निवडताना प्रखरतेपेक्षा भरवशास अधिक महत्त्व द्यावे.

चाकास टेकलेल्या डायनामोत चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ फिरतो व वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढले. डायनामोमुळे घटांचा खर्च वाचतो. परंतु साध्या डायनामोचा दिवा चाक थांबताच मालवतो. शिवाय परतीचा प्रवाह पुष्कळदा सायकलीच्या सांगाड्यातून जातो. जोडावर गंज चढल्यास तो खंडित होतो.

घटावरील एलईडी दिवा सायकल थांबली तरी तेवत राहतो. मात्र त्यात पावसाचे पाणी शिरू नये व घट वेळीच बदलावा किंवा भारित करावा. परावर्तकास वीज लागत नाही. पण दुसऱ्या वाहनाचा प्रकाश पडला तरच तो चमकतो. यास्तव पुढे डायनामोचा दिवा, मागे घटावरील दिवा व त्याखाली परावर्तक ही योजना सोयीची ठरते. एक साधन निकामी झाले, तरी दुसरे काम देते. निघण्यापूर्वी मागील दिवा प्रत्यक्ष पाहून घ्यावा.