पाळलेल्या टॅरंटुलाच्या पेटीतून वास येतोय? घरच्यांनी काय करावे, काय टाळावे

घरात कुणी टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी) पाळला असेल, तर कधीतरी हा प्रश्न निघतोच: "हा वास कसला?" आई म्हणते कोळ्याचा, मुलगा म्हणतो कोळ्याला वास नसतो. या वादात बहुतेक वेळा मुलाचेच बरोबर असते. निरोगी टॅरंटुलाला आपल्या नाकाला जाणवेल असा वास जवळजवळ नसतो. त्याची विष्ठाही थोडी आणि लवकर वाळणारी असते. म्हणून घाण वास आला, तर पेटीत काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

या वासाने घरातल्या निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. त्रास होतो तो वास घालवण्यासाठी घाईघाईने केलेल्या साफसफाईमुळे. डोळ्यात केस जाणे, रसायनांच्या वाफेने दम लागणे आणि चावा या तिन्ही गोष्टी याच वेळी घडू शकतात. त्या कशा टाळायच्या, ते पाहू.

वास कुठून येतो?

वासाच्या प्रकारावरून बराच अंदाज येतो.

- कुजका वास: सर्वांत नेहमीचे कारण. खायला टाकलेला रातकिडा, झुरळ किंवा अळी न खाल्ली जाता बिळात मरून पडलेली असते. कोळी शिकारीचा रस शोषून उरलेला चोथा गोळी करून टाकतो, तोही ओल्या जागी कुजतो.
- कुबट, मातकट वास: पेटीतले कोकोपीट किंवा माती सतत ओली राहून बुरशी धरते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे लवकर होते.
- मुतारीसारखा, नाकात झोंबणारा वास: बहुधा कोळ्याच्या खाद्याचा डबा. रातकिड्यांची दाटी झाली आणि सफाई झाली नाही, की त्यांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो.
- नाल्यासारखा वास: पाण्याची वाटी अनेक दिवस बदललेली नसते, किंवा तळाशी पाणी साचून माती सडलेली असते.
- गोडसर, किळसवाणा वास आणि कोळ्याच्या तोंडाशी पांढरा चिकट स्राव: हा कोळ्याचा आजार असू शकतो. काही सूक्ष्म सूत्रकृमी टॅरंटुलाच्या तोंडात वाढतात. कोळी खाणे सोडतो, मलूल होतो. यावर खात्रीचे औषध नाही. ती पेटी इतर कोळ्यांपासून दूर ठेवा, चिमटा व वाटी वेगळी ठेवा, हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि अशा प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.
- खूप तीव्र सडका वास आणि पाय पोटाखाली दुमडलेले: कोळी मेलेला असण्याची शक्यता मोठी. मात्र कोळी उताणा पडलेला असेल, तर तो कात टाकत असू शकतो. अशा वेळी त्याला अजिबात हलवू नका.

वास फक्त तुम्हालाच येतो का?

घरात दुसऱ्या कुणालाच वास येत नसेल आणि पेटीपासून दूर, ऑफिसातही तुम्हाला तो जाणवत असेल, तर कोळ्याला दोष देऊ नका. सायनसचा जंतुसंसर्ग, किडलेली दाढ किंवा विषाणूजन्य तापानंतर वासाच्या जाणिवेत झालेला बिघाड यांमुळे नसलेला वास येऊ शकतो. एका नाकपुडीतून घाण स्राव येत असेल किंवा ही तक्रार दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

कुणी जास्त जपावे?

बुरशीचे कण, झुरळांची विष्ठा आणि अमोनिया यांमुळे दमा असलेल्यांचा खोकला आणि धाप वाढू शकते. दम्याचे रुग्ण, लहान मुले, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे यांनी पेटी साफ करू नये. ती झोपण्याच्या खोलीतही ठेवू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर सफाईआधी त्या काढून चष्मा लावा.

केसांचा धोका समजून घ्या

चिलीयन रोझ, मेक्सिकन रेड नी असे अमेरिका खंडांतले अनेक टॅरंटुला घाबरले की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस हवेत उडवतात. या केसांना उलटे काटे असतात. त्वचेत रुतले तर खाज आणि पुरळ येते, डोळ्यात गेले तर ते हळूहळू आत सरकू शकतात.

२०१० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधील लीड्स येथील एका तरुणाची हकिकत छापून आली. तो चिलीयन रोझची काचेची पेटी घासत होता, तेवढ्यात कोळ्याने केस उडवले. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना. आधी साधे डोळे येणे समजून प्रतिजैविक थेंब दिले गेले. उपयोग झाला नाही. पुढे डोळ्याच्या पारदर्शक पटलात, म्हणजे कॉर्नियात, रुतलेले केस दिसले. हे केस भिंगाखाली तपासल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून डॉक्टरांना "घरी टॅरंटुला आहे" हे आधी सांगायलाच हवे.

पेटी सुरक्षितपणे कशी साफ करावी?

१. खिडकी उघडा, पण पंखा बंद करा. पंख्याने केस खोलीभर पसरतात.
२. मुलांना व इतरांना खोलीबाहेर ठेवा.
३. बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा, एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. साधा चष्मा पुरत नाही.
४. हे काम कोळी हाताळण्याची सवय असलेल्या मोठ्या माणसानेच करावे. कोळ्याला हातात न घेता, हलकेच ढकलून हवेची भोके असलेल्या झाकणाच्या डब्यात घ्यावे. पेटीवर तोंड वाकवू नये.
५. लांब चिमट्याने मेलेले किडे, चोथा आणि बुरशी धरलेला भाग काढा. सगळीच माती कुबट असेल, तर पूर्ण बदला.
६. रिकामी पेटी गरम पाणी आणि थोड्या भांड्याच्या साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळबळून उन्हात कोरडी करा. हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका.
७. आजूबाजूची जागा ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारला की केस उडतात.
८. कचरा दुहेरी पिशवीत बांधा. टाकलेल्या कातीवरही केस असतात, ती मुलांना खेळायला देऊ नका.
९. हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुवा आणि मगच चेहऱ्याला हात लावा. कपडे वेगळे धुवा.

पुन्हा वास येऊ नये म्हणून न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढा, पाणी रोज बदला आणि पेटीला बाजूने हवा खेळती ठेवा. ओलावा किती हवा हे जातीवर अवलंबून असते.

हे वापरू नका

- झुरळ-डासांचे स्प्रे: कोळी मरेलच. बंद खोलीत दम्याच्या रुग्णालाही त्रास होतो.
- डांबराच्या गोळ्या: वास झाकण्यासाठी पेटीजवळ ठेवू नका. जी-६-पी-डी ची कमतरता असलेल्या मुलांमध्ये यामुळे रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. मुलाने गोळी गिळली तर लगेच रुग्णालय गाठा.
- ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र: यातून क्लोरीन वायू निघतो. रातकिड्यांच्या अमोनिया साठलेल्या डब्यात ब्लीच ओतणेही असेच घातक आहे. बाथरूमसारख्या बंद जागेत श्वास कोंडू शकतो.
- फिनेल, अगरबत्ती, रूम फ्रेशनर: वास झाकला जातो, कारण तसेच राहते.

त्रास झालाच तर

*डोळ्यात केस गेल्यास:* डोळा चोळू नका. लेन्स असेल तर काढा. स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. यात स्टेरॉइडचे थेंब लागू शकतात, पण ते तपासणीनंतर आणि देखरेखीखालीच. दुकानातून स्वतः आणून घालू नका.

*त्वचेवर:* खाजवू नका. चिकटपट्टी हलकेच लावून काढली की बरेच केस निघतात. मग गार पाण्याने धुऊन कॅलामाइन लावा. खाज थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

*चावल्यास:* साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. जखम कापणे, चोखणे किंवा वर घट्ट बांधणे टाळा. अमेरिकी जातींचा चावा बहुधा मधमाशीच्या डंखासारखा दुखतो. भारत व श्रीलंकेतल्या पोसिलोथेरिया गटातील कोळी चावल्यास मात्र स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि ते काही दिवस पुन्हापुन्हा येऊ शकतात. अशा वेळी घरी थांबू नका.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

- धाप, छातीत घरघर, ओठ किंवा जीभ सुजणे, चक्कर
- डोळ्यात दुखणे, धूसर दिसणे, उजेड सहन न होणे
- चाव्यानंतर अंगभर पेटके, घाम, उलट्या
- रसायनांच्या वाफेनंतर न थांबणारा खोकला

"डॉक्टरांना सांगितले तर प्राणी जप्त होईल का?"

या भीतीने काही जण खरे कारण सांगत नाहीत आणि उपचार चुकतो. डॉक्टरांना खरी माहिती उपचारासाठी हवी असते. कायद्याची बाजू वेगळी आणि महत्त्वाची आहे. पोसिलोथेरिया गट २०१९ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि सुधारित वन्यजीव संरक्षण कायदा भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तुमच्याकडची जात पाळता येते का आणि नोंदणी लागते का, हे वन विभागाकडे विचारून घ्या. रानातला कोळी पकडून घरी आणू नका.

थोडक्यात

वास आला की आधी मेलेला किडा, ओली माती आणि पाण्याची वाटी पाहा. स्प्रे आणि ॲसिड दूर ठेवा, सुरक्षा चष्मा घाला. आणि सफाईनंतर डोळा लाल झाला, तर "सकाळपर्यंत बघू" असे म्हणत थांबू नका.