डाव्या हातातली आगगाडी

ठाकुर्ली मागे पडली आणि कल्याण जवळ आलं की लोकलचा आवाज बदलतो. ऐकलाय कधी? इतका वेळ सरसर धावणारी गाडी एकदम बोलायलाच लागते : खडखड-खडखड... खडखड-खडखड!

कल्याणला कसाऱ्याची आणि कर्जतची वाट वेगळी होते, म्हणून तिथे रूळ रुळाला छेदून जातात. चाकाला आतल्या बाजूने कड असते. ती पार जावी म्हणून छेदाच्या जागी फट ठेवावीच लागते आणि त्या फटीवरून जाताना चाक ठोका देतं. डब्याच्या दोन्ही टोकांखाली चाकांच्या दोन-दोन जोड्या असतात. एका डब्याचं मागचं टोक आणि त्यामागच्या डब्याचं पुढचं टोक अगदी शेजारी. म्हणून चार ठोके भराभर, मग जराशी उसंत, मग पुन्हा चार.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी आगगाडीची अशीच लय पियानोवर आणली. त्या वादनाचं नाव बूगी-वूगी. खाणावळीत, नाचाच्या जागी वादक एकटाच असायचा, सोबत ना ढोल ना ताशा. मग तालाचं सगळं काम डाव्या हाताने करायचं! चार मात्रांत आठ सूर, न थांबता. उजवा हात मोकळाच, तो वरच्या पट्टीत शिट्टी मारणार.

शिकागोच्या मीड लक्स लुईसने १९२७ मध्ये आगगाडीवरची अशीच एक रचना ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना आपण खरंच डब्यात बसलोय असं वाटतं. पण त्यावर त्याचं पोट भरलं नाही. तो टॅक्सी चालवायचा, मोटारी धुवायचा. १९३५ मध्ये जॉन हॅमंड नावाच्या संगीतवेड्या माणसाने त्याला शोधून काढलं आणि १९३८ मध्ये हाच लुईस न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता. मला ही गोष्ट फार आवडते.

त्याच सुमारास शिकागोत नाव कमावलेला दुसरा पियानोवादक चक्क आपल्या मुंबईत होता! टेडी वेदरफोर्ड. जन्म १९०३ चा, व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींच्या गावात. १९२६ मध्ये तो आशियात आला तो इकडेच रमला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा पियानो घुमायचा. त्याचा बाज थोडा निराळा. डावा हात खालच्या सुरावरून वरच्या सुरांवर सारखा उड्या मारायचा. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने तो गेला, तेव्हा जेमतेम एकेचाळीस वर्षांचा होता.

तुम्हालाही वाजवून बघायचंय? घरात पेटी असेल, पण एक अडचण आहे. आपला डावा हात भात्यात अडकलेला! म्हणून भाता ताईला किंवा दादाला मारायला सांगा. आता डाव्या हाताने वाजवा : सा ग प ध, कोमल नी, ध प ग. मोजा बरं, आठ झाले ना? प्रत्येक जोडीतला पहिला सूर किंचित लांबवा, म्हणजे गाडी डुलायला लागेल. असं चारदा झालं की मध्यमाला सा मानून तेच दोनदा, परत मूळ सा वरून दोनदा. मग पंचमावरून एकदा, मध्यमावरून एकदा आणि शेवटी मूळ सा वरून दोनदा. बारा वेळा झालं, एक फेरी पूर्ण! न थांबता पुन्हा पहिल्यापासून सुरू करा आणि उजव्या हाताने शिट्टी द्या.