कोरड्या मातीत झोपलेला डास

पूर ओसरला की पाठोपाठ डास येतात, हे सांगली-कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको आणि आम्हा चंदीगडकरांनाही नको. पण जिथे आठवड्यापूर्वी पाण्याचा थेंब नव्हता, तिथे एवढी फौज उभी राहते कशी? आज तेच पाहू.

आधी इथली जमीन समजून घ्या. चंदीगड शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. टेकड्यांवरून उतरणाऱ्या हंगामी ओढ्यांना इकडे ‘चो’ म्हणतात. वर्षातला बराच काळ हे वाळूचे पट्टे असतात आणि पावसाळ्यात एका रात्रीत दुथडी वाहतात. सुखना तलाव १९५८ मध्ये असाच एक चो अडवून तयार केला. जुलै २०२३ मध्ये चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तलावाचे दरवाजे उघडावे लागले आणि पुढे घग्गरकाठची शेतं पाण्याखाली गेली. असं पाणी ओसरताना सखल भागात, गवतात, खळग्यांत डबकी मागे ठेवतं.

अशा डबक्यांत वाढणाऱ्या डासांचं ठळक उदाहरण म्हणजे एडीस वेक्सन्स. मायगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८३० मध्ये त्याचं वर्णन केलं. ‘वेक्सन्स’ म्हणजे लॅटिनमध्ये छळणारा. युरोप-अमेरिकेपासून भारतापर्यंत तो आढळतो. रंग तपकिरी, मागच्या पायांवर बारीक पांढरे पट्टे.

याची मादी पाण्यावर अंडी घालत नाही. पाणी हटलेल्या ओलसर मातीत, पालापाचोळ्यात, गवताच्या मुळाशी ती एकेक करून शंभरावर अंडी घालते. काही दिवसांत अंड्याच्या आत अळी तयार होते आणि तशीच थांबते. वर ऊन तापतं, माती भेगाळते, तरी अंडं मरत नाही. एक हंगाम कोरडा गेला तर पुढच्याची वाट बघतं. काही अंडी अनेक वर्षं टिकतात.

मग पूर येतो. पाण्यात बुडालेला पाला कुजू लागतो, सूक्ष्मजीव वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. हाच अंड्यांना इशारा. हजारो अळ्या एकदम बाहेर पडतात. पण सगळी अंडी एकाच पुरात फुटत नाहीत, काही पुढच्यासाठी राखून ठेवलेली असतात. पहिलं डबकं अळ्या मोठ्या होण्याआधीच आटलं, तरी वंश बुडत नाही. फौजी भाषेत सांगायचं तर ही राखीव तुकडी.

उन्हाळी उकाड्यात अळी, कोष आणि डास हा प्रवास साधारण आठवड्यात उरकतो. घाई असते, कारण डबकं आटणार असतं. शिवाय नव्या डबक्यात अळ्या खाणारे मासे नसतात. कायम भरलेल्या, मासे असलेल्या तलावात या डासाचं फारसं काही चालत नाही. त्याला हवी असते कधी ओली, कधी कोरडी जमीन. पंख फुटल्यावर तो कित्येक किलोमीटर उडू शकतो. म्हणून चोपासून लांब राहणाऱ्यांनाही संध्याकाळी तो गाठतो.

आता कामाची गोष्ट. मोठे डास घोंघावू लागल्यावर धुराची गाडी फिरवली तर हवेतले डास मरतात, मातीतल्या अंड्यांना धक्काही लागत नाही. वेळ साधायची ती पाणी साचल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत. जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या गावांनी १९७६ मध्ये यासाठी एकत्र संस्था उभारली. त्याच वर्षी इस्राएलच्या नेगेव वाळवंटात डासांच्या अळ्या मारणारा एक जीवाणू सापडला. बीटीआय नावाने तो आज जगभर वापरला जातो. अळीने तो खाल्ला तरच मरते. कोष काही खात नाही. म्हणजे चार दिवस उशीर झाला की औषध वाया.

हा डास धोकादायक आहे का? कुत्र्यांच्या हृदयात वाढणारे जंत तो पसरवतो. सौदी अरेबियात २००० साली रिफ्ट व्हॅली तापाची साथ आली, तेव्हा याच जातीच्या डासात त्याचा विषाणू सापडला. मलेरिया मात्र तो पसरवत नाही. ते काम अ‍ॅनोफिलिसचं. आणि आपल्याकडच्या डेंग्यूचा मुख्य वाहक आहे त्याचा भाऊबंद, एडीस इजिप्ती. तो घरात राहतो. कूलर, कुंडीखालची बशी, गच्चीवरची टाकी हे त्याचं ठाणं.

खरी फसगत इथे होते. बाहेर डासांचा थवा दिसला की सगळं लक्ष मैदानाकडे जातं आणि घरातला कूलर तसाच राहतो. जास्त चावणारा तोच जास्त घातक, असं नसतं. शत्रू दोन आहेत, त्यांची ठिकाणंही दोन. घरात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळाच. बाहेर पाणी साचल्याचं दिसलं तर डास होण्याची वाट न बघता त्याच दिवशी पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. संध्याकाळी बाह्या खाली, पाय झाकलेले, झोपताना मच्छरदाणी. फौजेतली ही जुनी शिस्त मैदानातल्या डासासाठी. घरातला एडीस इजिप्ती मुख्यतः दिवसा चावतो, म्हणून दिवसाही अंग झाकलेलं ठेवा. आणि ताप आला तर अंदाज बांधत बसू नका, रक्त तपासून घ्या.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. जय हिंद.