छोट्या मोटारीसाठी उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगांची निवड : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

मोटार जमिनीलगत आणून तिचे रूप बदलण्याची हौस तरुण वर्गात, विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत, मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यासाठी मूळ स्प्रिंग काढून कमी उंचीच्या स्प्रिंग बसविल्या जातात. बाजारात या स्प्रिंगांची ओळख ‘मोटार किती मिलिमीटर खाली येईल’ या एकाच आकड्याने करून दिली जाते. वास्तविक मोटार खाली आल्यानंतर चाकाला वर सरकण्यासाठी किती अंतर शिल्लक राहते, हा निवडीचा मुख्य निकष होय. पदवी स्तरावर शिकविल्या जाणाऱ्या हूकच्या नियमाच्या आधारे हा निकष स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. स्प्रिंगचा ताठरपणा :

रॉबर्ट हूक याने १६७८ साली स्पष्ट केल्याप्रमाणे स्प्रिंगवरील बल आणि तिचे आकुंचन समप्रमाणात असतात. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे बल म्हणजे तिचा ताठरपणा. हा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताशी समप्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाशी आणि वेटोळ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतो. १२ मिमी जाडीची पोलादी तार, १२० मिमी व्यासाचे वेटोळे आणि ५ कार्यकारी वेटोळी असतील, तर ताठरपणा सुमारे २४ न्यूटन प्रति मिमी येतो. बाकी काहीही न बदलता तारेची जाडी १३ मिमी केली, तर तो सुमारे ३३ होतो. म्हणजेच केवळ एक मिलिमीटरच्या फरकाने ताठरपणा ३८ टक्क्यांनी वाढतो. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन स्प्रिंग गुणधर्माने किती भिन्न असू शकतात, हे यावरून लक्षात येते.

२. शिल्लक अंतराचे गणित :

बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढील चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीची रचना असते. तीत चाक जितके वर सरकते, जवळपास तितकीच स्प्रिंग दबते. गणितापुरते असे गृहीत धरू, की एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे, स्प्रिंगचा ताठरपणा २४ आहे आणि रबरी बम्प स्टॉपला टेकेपर्यंत चाकाला ७५ मिमी वाव आहे. मोटार ३० मिमी खाली आणली, की हा वाव ४५ मिमी उरतो.

स्थिर स्थितीपासून पुढे स्प्रिंग जी ऊर्जा थोपवते, ती ताठरपणा आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. त्यामुळे पूर्वीइतकाच धक्का उरलेल्या ४५ मिमीत थोपवायचा झाल्यास ताठरपणा २.७८ पट, म्हणजे सुमारे ६७ करावा लागेल. १५ मिमी उतरणीसाठी हेच प्रमाण १.५६ पट आहे. मूळ स्प्रिंगवर मोटारीच्या आंदोलनाची वारंवारता सेकंदाला सुमारे १.४ असते. ताठरपणा ६७ केल्यास ती २.४ होऊन प्रवास हादऱ्यांचा होतो. याउलट ताठरपणा ३० टक्केच वाढविला, तर वारंवारता १.६ इतकी सुसह्य राहते. परंतु मोठ्या खड्ड्यात चाक बम्प स्टॉपवर आदळते. मध्यम उतरण हाच यातील व्यवहार्य मार्ग ठरतो.

३. स्थैर्यविषयक समजूत :

मोटार खाली आणल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर स्थैर्य वाढते, ही समजूत अंशतः खरी आहे. गुरुत्वमध्य ५४० मिमीवरून ५१० मिमीवर आला, तर वळणावर आतील चाकांकडून बाहेरील चाकांकडे सरकणारा भार जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घटतो. दुसरीकडे मॅकफर्सन रचनेत खालचा आर्म आडवा राहत नाही. त्यामुळे ज्या बिंदूभोवती मोटार कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो आणि कलण्याची प्रवृत्ती वाढू शकते. वळणावर जाणवणारी स्थिरता बव्हंशी वाढलेल्या ताठरपणाची असते. शिवाय चाकांचे कोन बदलल्याने टायर एका कडेने झिजतात. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट अनिवार्य ठरते.

४. शॉक ॲब्सॉर्बरशी मेळ :

स्प्रिंग ऊर्जा साठविते, तर शॉक ॲब्सॉर्बर ती शमवितो. ताठरपणा ३० टक्क्यांनी वाढला आणि शॉक ॲब्सॉर्बर मूळचाच राहिला, तर अवमंदनाचे गुणोत्तर सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते आणि मोटार अधिक वेळ उसळत राहते. तसेच चाक पूर्ण खाली लोंबकळले असतानाही स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट राहिली पाहिजे. फार आखूड स्प्रिंग अशा वेळी जागेवरून निसटू शकते.

वेटोळे कापून उंची कमी करण्याचा प्रकार याच कारणाने धोकादायक आहे. पाचपैकी एक वेटोळे कापल्यास ताठरपणा २५ टक्क्यांनी वाढतो, पण स्प्रिंगचे टोक बैठकीशी जुळत नाही. गॅस कटरने कापल्यास उष्णतेमुळे पोलादाचे पाणीही उतरते.

५. भारतीय रस्त्यांची मर्यादा :

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. २०१८ साली भारतात आलेल्या पिढीच्या मारुती स्विफ्टच्या दोन आसांतील अंतर २४५० मिमी आणि जमिनीपासूनची उंची १६३ मिमी आहे. अशा गतिरोधकाचा माथा मोटारीच्या मध्याखाली आला असता तो चाकांच्या पातळीपेक्षा ४४ मिमी वर असतो. ३० मिमी उतरणीनंतरही तेथे ८९ मिमी जागा राहते. मात्र गल्लोगल्ली आढळणारा अरुंद उंचवटा १२० मिमी उंच असेल, तर केवळ १३ मिमी जागा उरते. पाच माणसे व सामान असताना मोटार याहून अधिक खाली बसते आणि तळ घासणे अटळ होते.

६. कायदेशीर बाजू :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली याच आशयाचा निर्वाळा दिला. त्यामुळे बदलापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांचे लेखी मत घेणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :

१) स्प्रिंगची निवड शिल्लक राहणाऱ्या अंतरावरून आणि पूर्ण भाराच्या स्थितीवरून करावी.
२) ताठरपणाचा आकडा न देणारी स्प्रिंग घेऊ नये.
३) शॉक ॲब्सॉर्बर नव्या स्प्रिंगला अनुरूप असावा.
४) स्प्रिंग कापणे सर्वथा टाळावे.
५) नित्याच्या मार्गावर अरुंद व उंच गतिरोधक असल्यास मूळ स्प्रिंगच योग्य होत.

हूकचा नियम प्रयोगशाळेत ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तोच नियम स्वतःच्या मोटारीखालीही कार्यरत असल्याचे दाखवून देता आले, तर भौतिकशास्त्राच्या अध्यापनाला व्यवहाराची जोड मिळेल आणि काही अपघातही टळू शकतील.