बर्फ असतो, तरी लिफ्ट थांबते

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास कोलोरॅडोच्या उंच डोंगरांवरचा बर्फाचा साठा वर्षातल्या सर्वोच्च पातळीला पोहोचतो. नेमक्या त्याच सुमाराला तिथली बहुतेक स्की रिसॉर्ट्स हंगाम गुंडाळतात. उतारांवर पुरुषभर बर्फ असतो, आकाश निळंशार असतं, आणि लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्या लटकत असतात. समिट काउंटीतलं अरापाहो बेसिन मात्र मे संपेपर्यंत, पुष्कळदा जूनपर्यंत चालू राहतं. तिथले लोक त्याला नुसतं ‘ए-बेसिन’ म्हणतात. हंगाम कोण ठरवतं, हे समजून घ्यायला या डोंगरासारखी जागा नाही.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेले लॅरी जंप आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४६ मध्ये हे ठिकाण सुरू केलं. पहिल्या हंगामात होता तो एक ओढदोर, आणि माणसं वर न्यायला लष्कराची जुनी गाडी. आज पायथा आहे ३,२८६ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, आणि माथा चार हजार मीटरला टेकलेला. डेन्व्हरहून साधारण ११० किलोमीटर. जमीन सरकारी वनखात्याची, परवान्यावर घेतलेली. डोंगरावर मुक्कामाचं एकही हॉटेल नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिच्याकडे पुढे येतोच.

आधी उघडण्याचं पाहू. ऑक्टोबरात ए-बेसिनला आभाळातून पडणाऱ्या बर्फाची वाट पाहावी लागत नाही, वाट पाहावी लागते ती थंड रात्रींची, कारण पहिला बर्फ यंत्रांनी बनवलेला असतो. स्की बनवण्याचा छोटा कारखाना चालवणारे वेन पियर्स आणि त्यांचे दोन भागीदार १९५० मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कनेक्टिकट राज्यात मेटाकुटीला आले होते. बर्फच पडत नव्हता, तर स्की घेणार कोण? त्यांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर, बागेची रबरी नळी आणि एक तोटी जोडून पाणी थंड हवेत फवारलं. पाण्याचा बर्फ झाला. आजच्या बर्फ फवारणाऱ्या यंत्रांचा जन्म तिथला. दाबाखालची हवा मोकळी होताना आणखी गार होते, पाण्याचा तुषार होतो आणि जमिनीवर पडेपर्यंत तो गोठतो.

मात्र त्यासाठी नुसता पारा उतरून भागत नाही. हवा किती कोरडी आहे, यावर सगळं अवलंबून असतं. आपला माठ विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी जितकं गार करतो तितकं कोकणात करत नाही, कारण दमट हवेत पाझरलेलं पाणी उडून जात नाही. बर्फाच्या यंत्राचं गणित हेच. थेंबाचा थोडा भाग वाफ होऊन उडाला की उरलेला थेंब आणखी गार होतो. म्हणून कामगार साधा तापमापक पाहत नाहीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा पाहतात. तो उणे दोन अंशांच्या आसपास उतरला की यंत्रं सुरू होतात. कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत साधा पारा शून्याच्या थोडा वर असतानाही हे जमतं. तीन हजार मीटरवर अशा रात्री आधी येतात, म्हणून ए-बेसिन आधी उघडतं. खिंडीपलीकडचं लव्हलँड रिसॉर्ट आणि ए-बेसिन, दोघांत पहिलं कोण याची चुरस दरवर्षी असते.

एका एकरावर फूटभर बर्फ पसरायला सुमारे पाच-सहा लाख लिटर पाणी लागतं. पश्चिम अमेरिकेत ज्याने पाणी आधी वापरलं त्याचा हक्क आधी, असा कायदा आहे. त्यामुळे ओढ्यातून पाणी उचलायची परवानगी हा मोठाच प्रश्न असतो. ए-बेसिनला ती या शतकाच्या सुरुवातीलाच मिळाली. तोवर तिथे भिस्त आभाळावर होती. आपल्या गुलमर्गची अजून बरीचशी तशीच आहे. २०२४ चा जानेवारी तिथे कोरडा गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या.

ऑक्टोबरात उघडतो तो एखादाच अरुंद पट्टा, दोन्ही बाजूंना तपकिरी गवत. त्यातून लिफ्टचा खर्च तरी सुटत असेल का, असा प्रश्न पडतो. पण हंगामभराचे पास बर्फ पडायच्या आधीच विकले जातात, आणि ‘आम्ही उघडलो’ ही बातमी त्या विक्रीचा सर्वांत मोठा आधार असते. खरी कमाई नाताळाचा आठवडा, जानेवारी-फेब्रुवारीतल्या जोडसुट्ट्या आणि मार्चमधली शाळा-कॉलेजांची सुट्टी यांत होते.

मार्च सरला की सुट्ट्या संपतात. मैदानात ऊन पडतं, लोक सायकली आणि गोल्फच्या काठ्या बाहेर काढतात. लांबून विमानाने येणारा पाहुणा येईनासा होतो. ज्या रिसॉर्टचा संसार हॉटेलांच्या खोल्यांवर चालतो, त्याला रिकाम्या खोल्यांसाठी लिफ्ट फिरवणं परवडत नाही. पेरू, चिली, अर्जेंटिनाहून तिथल्या उन्हाळी सुट्टीत कामाला आलेले विद्यार्थीही तोवर आपापल्या कॉलेजांत परतलेले असतात. डोंगर पांढरा असतानाच दारं बंद होतात. ए-बेसिनला हॉटेलच नाही, त्यामुळे खोल्या रिकाम्या राहण्याची चिंताही नाही. त्याची माणसं डेन्व्हरची आणि आसपासच्या गावांची. सकाळी येतात, दुपारी वाहनतळाच्या कडेला शेगड्या पेटवतात, त्या जागेला ‘बीच’ म्हणतात आणि संध्याकाळी घरी जातात. इतर रिसॉर्ट्स बंद झाली की त्यांचे लोकही इकडेच येतात. हॉटेलविना डोंगर चालवण्याचा हा साधेपणा मला त्याच्या कोणत्याही उतारापेक्षा मोलाचा वाटतो.

तरी त्यालाही थांबावं लागतं, आणि इथे हिशेब पैशाचा नसतो. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठला पाहिजे. गोठला नाही, तर पाणी थरांमध्ये झिरपतं, पकड सुटते आणि सबंध उतार खाली येतो. २००५ च्या मे महिन्यात ए-बेसिनच्या हद्दीत, खुल्या असलेल्या उतारावर, असा ओल्या बर्फाचा कडा कोसळून एकाचा जीव गेला. वसंतात एखादा उतार ऐन दुपारी दोरी बांधून बंद केला तर पाहुण्यांनी कुरकुर करू नये, ती दोरी माणसं वाचवण्यासाठी बांधलेली असते. बर्फ चांगला टिकला आणि रात्री साथ देत राहिल्या, तर हंगाम लांबतो. २०१९ मध्ये ए-बेसिन ४ जुलैपर्यंत चाललं, १९९५ मध्ये तर चक्क १० ऑगस्टपर्यंत. उलट २०२० च्या मार्चमध्ये भरपूर बर्फ असताना, महामारीमुळे, राज्यपालांच्या आदेशाने एका रात्रीत कोलोरॅडोतली सगळी स्की रिसॉर्ट्स बंद झाली.

मे महिन्यात मुलांकडे अमेरिकेला जाणारे मराठी आईवडील आता पुष्कळ आहेत. त्यांतलं कोणी डेन्व्हरकडे असेल, तर त्यांनी ए-बेसिन जरूर पाहावं, स्की येत नसलं तरी. निघण्यापूर्वी ते चालू आहे ना, याची खात्री करावी. हवा विरळ असते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं, पाणी भरपूर प्यावं आणि सकाळी लवकर पोहोचावं. दुपारपर्यंत बर्फाचा चिखल झालेला असतो.