शाल हवीच, परीक्षानळीही हवी

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, तापी ओलांडण्याच्या थोडे अलीकडे, सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तालुक्याचे गाव लागते. जुन्या ताम्रपटांत ज्याचा उल्लेख ‘कार्मणेय’ असा येतो, ते हेच गाव असे अभ्यासक मानतात. आजच्या प्रवाशाला मात्र ते वाहनांनी गजबजलेला एक चौरस्ता म्हणूनच ठाऊक असते. हा तालुका स्वातंत्र्यापूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाला समाजाने काय द्यावे, या प्रश्नाचा विचार करताना कामरेजची ही जुनी ओळख उपयोगी पडते.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. म्हणजे पलीकडच्या ब्रिटिश मुलखातील शेतकऱ्याच्या मुलाला शाळेचा उंबरठा दुर्लभ होता, तेव्हा कामरेजच्या मुलाला शाळेत धाडणे हे कायद्याने कर्तव्य झाले होते. या राजाजवळ एक रसायनशास्त्रज्ञ होता. सुरतेत १८६३ मध्ये जन्मलेले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे ते गृहस्थ. त्यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन उभे राहिले. धंदेशिक्षण देशी भाषांतून द्यावयाचे तर त्या भाषांत पुस्तके हवीत, हे गज्जरांनी महाराजांस पटविले आणि महाराजांनी त्या कामी पन्नास हजार रुपये मंजूर केले. गज्जरांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि उद्योजक अमीन यांनी गुरूच्या साहाय्याने १९०७ मध्ये अलेम्बिक कारखान्याचा पाया घातला. महाराजांनी या शिक्षकाला मान दिलाच, पण त्याच्या हाती साधनही दिले. त्या साधनाचे फळ पुढे साऱ्या गुजरातने चाखले.

हे उदाहरण आज आठवण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे शिक्षकांच्या गौरवाची वाण नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराची प्रथा १९५८ पासून चालू आहे. २०१८ मध्ये तिची पद्धत बदलली आणि शिक्षकाने स्वतःच अर्ज करावयाचा असे ठरले. रौप्यपदक, प्रशस्तिपत्र आणि पन्नास हजार रुपये असे त्याचे स्वरूप आहे. सर्व विषय धरून दरवर्षी पन्नासच्या आसपास शिक्षक निवडले जातात. राज्याचे, जिल्ह्याचे, रोटरीसारख्या संस्थांचे पुरस्कार वेगळेच. खास विज्ञानाच्या शिक्षकांसाठीही काही चांगले प्रयत्न झाले आहेत. प्रा. चिं. ना. रा. राव यांना २००५ मध्ये डॅन डेव्हिड पारितोषिक मिळाले. त्या रकमेतून त्यांनी स्थापिलेल्या प्रतिष्ठानातर्फे शालेय विज्ञान शिक्षकांचा सन्मान होतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातल्या सरकारी शाळेचा शिक्षक जगात पहिला येऊ शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुरस्कारांची थट्टा करण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही.

परंतु पुरस्कार झालेल्या कामाचा असतो. व्हावयाच्या कामाला लागते ते अनुदान. या दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडला म्हणजे मन खिन्न होते. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्य करण्यासाठी वर्षाला पाचशे रुपये मिळत. रक्कम चिमुकली खरी, पण ती शिक्षकाच्या नावाची होती. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान मिळू लागले. तीस ते शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार रुपये. त्यातील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखावयाचा, उरलेल्यात वीज, पाणी, खडू, किरकोळ दुरुस्ती हे सारे भागवावयाचे. या ओढाताणीत कॉपर सल्फेटची बाटली आणि भिंग यांचा क्रमांक केव्हा लागणार? दुसऱ्या टोकाला अटल टिंकरिंग लॅब आहे. निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी ही योजना चांगली असली, तरी निवड न झालेल्या शाळांचे काय, हा प्रश्न तिने सुटत नाही.

पैशापेक्षाही मोठी अडचण भीतीची आहे. परीक्षानळी जडसंग्रह नोंदवहीत एकदा चढली की ती फुटल्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग शहाणा शिक्षक कपाटाला कुलूप लावतो आणि प्रयोग फळ्यावर काढून दाखवितो. नोंदवही निर्दोष राहते. मुलाला मात्र ऑक्सिजनमध्ये ठिणगी भडकताना कधी दिसतच नाही. प्रयोगात काच फुटायचीच आणि आम्ल संपायचेच, हे मान्य न करणारी तपासणी ही विज्ञानशिक्षणाची वैरीण आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

यावर उपाय आपल्याच देशात करून पाहिलेला आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरू झाला. मुलांच्या हाती प्रयोगाचे साहित्य, शिक्षकांना प्रशिक्षण आणि दरमहा एकत्र बसून अडचणी सोडविण्याची सोय, अशी त्याची त्रिसूत्री होती. १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात पसरला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यास ग्रामीण शाळांत असेच काम केले. त्याच खानदेशातून तापीच्या काठाने, रेल्वेने, हजारो मराठी कुटुंबे सुरतेच्या कापडधंद्यात आली. त्यांची मुले आज तेथील महापालिकेच्या मराठी शाळांत शिकत आहेत. आईबापांनी यंत्रमागावर उभे राहून मुलांना शाळेत धाडले आहे, ते वर्गात केवळ व्याख्या घोकण्यासाठी खास नव्हे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. सहावीपासून पुढे विज्ञान शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक लहान वार्षिक रक्कम त्याच्याच सहीने खर्च करता यावी, आणि प्रयोगात फुटलेले व संपलेले साहित्य विनाचौकशी निर्लेखित व्हावे. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवा, हे कोण नाकारील? पण तो कोणते प्रयोग मुलांनी केले याच्या नोंदीतून घ्यावा. दुसरे, पुरस्कार देणाऱ्या समितीने फायलींबरोबर एक तासिकाही पाहावी. अर्ज सुबक लिहिणे ही एक कला आहे, आणि शिकविणे ही दुसरी. तिसरे, ज्याला पुरस्कार मिळेल त्याला आपल्या तालुक्यातील इतर शिक्षकांना शिकविण्यासाठी वर्षातील काही दिवस आणि प्रवासखर्च मिळावा. म्हणजे एका गळ्यातील हाराचा सुगंध दहा वर्गांत जाईल.

कोकणातील आचऱ्याचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकविता शिकविता, एकोणिसाव्या शतकात, रसायनादी शास्त्रांवर मराठीत ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. विज्ञान घरी आणावयाचे तर ते शिक्षकाच्याच हातून येईल, हे त्यांच्या कार्यावरून दिसते. भरती-ओहोटी, मिठागर, जांभा दगड ही आमच्या किनाऱ्याची आणि उसाचा मळा, तापीचे पात्र ही कामरेजची प्रयोगशाळा निसर्गाने फुकट दिली आहे. तिचे दार उघडणारा शिक्षकही आहे. शाल पांघरण्याच्या दिवशी त्याची आठवण होते, ती शाळा उघडण्याच्या दिवशीही व्हावी, एवढेच शासनाकडे आणि समाजाकडे मागणे आहे.