साहेब, गुन्हा कबूल आहे!

नगर-पुणे रस्त्यावर सुपा आलं की कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रक, ढाबे आणि एमआयडीसीतला जपानी पट्टा यांची एकच दाटी. एवढ्या वर्दळीत कुणाची गाडी कुणाला घासणार, त्यावरून कॉलर धरली जाणार, ढाब्यावरून उठलेल्या कुणाला पोलीस ‘फुंक’ म्हणणार. मग पारनेरच्या कोर्टाची तारीख येते आणि टपरीवरचा फुकट सल्लाही: ‘‘वकील कशाला लावतोस? कबूल कर, दंड भर, मोकळा हो!’’



‘मोकळा हो’ इथेच गोम आहे. मॅजिस्ट्रेटपुढे गुन्हा कबूल केला आणि त्यावरून शिक्षा झाली, की ‘मी ते केलंच नव्हतं’ म्हणून अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढंच वर मांडता येतं. दंडाची पावती हरवेल, दोषी ठरल्याची नोंद राहते. पुढे पोलीस भरतीच्या फॉर्मवर ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ हा रकाना येतो. तिथे लपवलं तर दुप्पट पंचाईत. 2016 च्या अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की माहिती खरी द्या. पोरवयातली किरकोळ भानगड असेल तर नोकरी देणारा ती सोडूनही देऊ शकतो. म्हणजे वकिलाची फी तोलायची ती दंडाशी नव्हे, त्या रकान्याशी.

पण आधी कागद बघा. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद असेल, तर घाबरून लगेच वकील गाठू नका. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करूच शकत नाहीत. ‘चॅप्टर केस’ असेल तर ती चालते तहसीलदारांपुढे. तिथे शांतता राखण्याचा बाँड मागतात, दोषी ठरवत नाहीत. इथे बहुतेकांचं वकिलाविना भागतं. दारू पिऊन गाडी चालवली असेल तर मात्र हसण्यावारी नेऊ नका: 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

बांधावरच्या साध्या मारामारीत मार खाणाऱ्याने तडजोड केली, की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. दंड भरून ‘दोषी’ होण्यापेक्षा शेजाऱ्याकडे जाऊन चहा पिणं कायद्याच्या हिशेबातही फायद्याचं!

आणखी एक दार आहे, ते बऱ्याच जणांना कुणी दाखवतच नाही. 1958 चा प्रोबेशन कायदा. पहिलाच किरकोळ गुन्हा असेल तर कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, आणि दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रताही मग लागत नाही. हे मागायला कुणीतरी उभं राहावं लागतं. माझ्या मते वकील लावायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

साधा वाटणारा खटलाही तुरुंगापर्यंत नेतो, याचा सुप्याजवळच्या राळेगणसिद्धीचा दाखला तर राज्याला ठाऊक आहे. तेव्हाचे मंत्री बबनराव घोलप यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 1998 साली अण्णा हजारेंना तीन महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांची रवानगी येरवड्यात झाली. आज त्याच गुन्ह्याला आणखी एक शिक्षा आहे: समाजसेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ती आणली. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणाऱ्यालाही ती होऊ शकते. ज्यांनी गावभर श्रमदान करून घेतलं, त्या अण्णांना कोर्टाने समाजसेवेची शिक्षा सुनावली असती, तर आधी हसलं कोण असतं?

‘छोटी शिक्षा’ मोठी कशी होते, ते मुंबईच्या होस्कोट खटल्यात दिसतं. बनावट पदव्यांच्या प्रकरणात सेशन्स कोर्टाने होस्कोट या प्राध्यापकाला कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. सरकार हायकोर्टात गेलं आणि तिथे झाली तीन वर्षं! निकालाची प्रत हाती पडली नाही म्हणत गडी चार वर्षांहून उशिरा सुप्रीम कोर्टात पोचला. 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला, पण जाता जाता बजावलं, की कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळालीच पाहिजे आणि गरिबाला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकीलही. होस्कोट हरले, बाकी सगळे जिंकले.

फुकटच्या वकिलाचा विषय निघालाच आहे, तर एमआयडीसीतल्या मंडळींनी कान टवकारावेत. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले आरोपी यांना मोफत वकील मिळतो, हे अनेकांना माहीत असतं. त्याच यादीत ‘औद्योगिक कामगार’ही आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. फोनवर विचारायचं तर 15100.

पैसे देऊनच वकील लावणार असाल, तर ‘सुटलो तर अमुक देईन’ हा सौदा करू नका. निकालावर ठरवलेली फी घेणं वकिलाला नियमाने मना आहे. जाहिरात करणंही मनाच. त्यामुळे चांगला वकील कोण, हे शेवटी पुन्हा टपरीवरच विचारावं लागतं.